कृपादान मिळालं, पण ते कोणासाठी?

प्रश्न पुण्याजवळच्या पिंपळे गुरवच्या एका तरुण भावाचा आहे. त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी एका फ्लॅटमध्ये वीस-पंचवीस जणांची प्रार्थनासभा भरते. तिथल्या एका बहिणीला देवाकडून संदेश मिळतात, असं मानलं जातं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सगळ्यांसमोर एका जोडप्याला सांगितलं, की तुमच्या घरात लपवलेलं पाप आहे, म्हणून मूल सारखं आजारी पडतं. ते जोडपं पुन्हा सभेला आलं नाही. या भावाला स्वतःला ऐकवलं गेलं, की दोन वर्षं झाली तरी तू अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने सुचणारी, न शिकलेली भाषा) बोलत नाहीस, म्हणजे पवित्र आत्मा तुला मिळालेलाच नाही. तो पाळकांकडे गेला तर ते म्हणाले, प्रीती असली की पुरे, संदेश, अन्य भाषा, हे कृपादानांचं सगळं बंद करा. आता तो विचारतो: यात बरोबर कोण? आणि कृपादान ‘प्रीतीने’ वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या मंडळ्यांत मी 34 वर्षं पाळक म्हणून काढली. अन्य भाषा बोलणाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला बसलो आहे, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या घरीही जेवलो आहे. त्या अनुभवातून लिहितो.

आधी तुमच्यापुरतं, कारण ते ओझं तुम्ही दोन वर्षं वाहत आहात. ते खाली ठेवा. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायाच्या शेवटी एकामागून एक प्रश्न विचारतो: सगळेच प्रेषित आहेत काय? सगळ्यांनाच रोग बरे करण्याचं कृपादान आहे काय? सगळेच अन्य भाषा बोलतात काय? त्याच्या विचारण्यातच ‘नाही’ हे उत्तर आहे. पवित्र आत्मा ज्याला जे द्यायचं ते आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो, असं तो त्याच अध्यायात 11व्या वचनात सांगून गेला आहे. एका कृपादानाला आत्मा मिळाल्याची पावती ठरवणं ही त्या बहिणीची किंवा तिला शिकवणाऱ्यांची चूक आहे. तुमच्यात काही उणं आहे म्हणून हे झालेलं नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या मराठी बायबलमधला ‘कृपादान’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, पण आपण तो ऐकतो ‘वरदान’ या अर्थाने. वरदान म्हटलं की आपल्या मनात गोष्ट तयार असते: कोणीतरी कडक तप केलं, देव प्रसन्न झाला, आणि मागेल ते दिलं. तप करणाऱ्याचा त्या वरावर हक्क असतो, कारण त्याने तो कमावलेला असतो. हीच समजूत घेऊन आपण चाळीस दिवसांचे उपवास धरतो आणि त्यानंतर जे मिळतं ते आपल्या कमाईच्या खात्यात टाकतो. मग ‘माझा संदेश’, ‘माझी प्रार्थना’, ‘मी हात ठेवल्यावर’ अशी भाषा सुरू होते. कृपादानात मिळवणाऱ्याची काही करामतच नाही. ते कृपेने आलं, आणि 12व्या अध्यायाच्या 7व्या वचनाप्रमाणे ते आलं सर्वांच्या उपयोगासाठी. ज्याच्या हातात ते आहे तो फक्त पोचवणारा. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन दारात आला, तर पैसे त्याचे होत नाहीत. पण ती कोणाच्या दारात, कोणत्या वेळी आणि कशा शब्दांत द्यायची, ही जबाबदारी मात्र पूर्ण त्याची असते. प्रीतीचं काम तिथून सुरू होतं.

याच पत्राचा 13वा, प्रीतीचा अध्याय आपण लग्नात वाचतो, पत्रिकेवर छापतो. वाचायला हरकत नाही, नवराबायकोलाही तो लागतोच. पण तो लिहिला गेला भांडणाऱ्या मंडळीला. 12वा अध्याय कृपादानांचा, 14वा सभेच्या शिस्तीचा, आणि 13वा मधोमध. करिंथ हे बंदराचं, व्यापाराचं शहर होतं. तिथल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा काही जण भरपेट खाऊन बसायचे आणि गरीब उपाशी राहायचे. हे त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी उपदेशक अपुल्लोसाचा. अशा सभेत जेव्हा अन्य भाषा आणि संदेश आले, तेव्हा त्यांचीही चढाओढ झाली. म्हणून पौल प्रीतीचं वर्णन करतो ते भावनेचं नसतं. मूळ ग्रीकमध्ये 4 ते 7 या वचनांत ओळीने 15 क्रियापदं आहेत: प्रीती काय करते आणि काय करत नाही. ‘फुगत नाही’ हा शब्द तर त्याने याच पत्रात याआधी चार-पाचदा करिंथकरांना उद्देशून वापरला आहे. तुम्ही फुगला आहात, ज्ञान फुगवतं, असं म्हणत म्हणत तो इथे येतो आणि सांगतो की प्रीती फुगत नाही. ऐकणाऱ्यांना आपल्याबद्दल चाललं आहे हे कळल्याशिवाय राहिलं नसेल. ‘अपकार स्मरत नाही’ असं आपण वाचतो, तिथला मूळ शब्द हिशोबाचा आहे, खतावणीत नोंद करण्याचा. तुमच्या गटात गेल्या महिन्यांत कोण कोणाला काय बोललं याची खतावणी किती जणांच्या मनात उघडी आहे, ते तुम्हीच पाहा.

13व्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल म्हणतो, अन्य भाषा बोलूनही प्रीती नसेल तर मी झणझणणारी झांज आहे. ही उपमा पुण्यात समजावून सांगावी लागत नाही. भजनात पेटी, तबला आणि गाणाऱ्यांचे गळे यांच्यासोबत झांज असली की अंगावर काटा येतो. तीच झांज बंद खोलीत एकट्याने कोणी वाजवत बसला, तर शेजारी दार ठोठावतो. झांज खोटी नसते, तेव्हाही ती पितळेचीच असते. पौलही त्या भाषा खोट्या आहेत असं म्हणत नाही. त्या खऱ्या असूनही प्रीतीवाचून मी नुसता आवाज आहे, असं तो स्वतःबद्दल म्हणतो. मला हे वचन नेहमी यासाठी भीतीचं वाटतं: कृपादान खरं असूनसुद्धा मी त्याने माणूस मोडू शकतो.

ते मी केलेलं आहे. सेवेच्या सुरुवातीच्या काळात एका उपनगरातल्या मंडळीत होतो. माझ्याकडे शिक्षणाचं दान आहे असं सगळे म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा दर महिन्याच्या साक्षीच्या उपासनेत आपला विश्वासाचा अनुभव सांगायला उभे राहत. एकदा साक्ष देताना त्यांनी तारणाबद्दल काहीतरी चुकीचं सांगितलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, वचनं देऊन त्यांची चूक दाखवली. एकही वचन मी चुकीचं लावलं नव्हतं. आजोबा ‘बरं साहेब’ म्हणून बसले. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले, तोवर ते साक्षीला एकदाही उभे राहिले नाहीत. मंडळीने माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं आणि एका माणसाचा आवाज कायमचा गेला. संदेश आणि अन्य भाषा यांच्या दुरुपयोगाबद्दल सगळे बोलतात, पण शिकवणाऱ्याच्या दानाने जखमी झालेली माणसं कोणी मोजत नाही, कारण तिथे बोलणाऱ्याचं व्याकरण बरोबर असतं. त्या दिवशी मी उपासनेनंतर त्यांच्या घरी जाऊन, चहा घेता घेता तेच बोललो असतो तर ते शिकले असते, आणि मीही त्यांच्याकडून काही शिकलो असतो.

पाळकांचं म्हणणं आता घेतो. त्यांच्यावर रागावू नका. दोन गट झालेली मंडळी सांभाळताना माणूस थकतो आणि दार बंद करावंसं वाटतं, हे मी भोगलं आहे. तरी त्यांचं उत्तर पौलाचं नाही. 14व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो दोन्ही एकत्र सांगतो: प्रीतीमागे लागा, आणि आध्यात्मिक दानांची उत्कंठा बाळगा. प्रीतीच्या नावाने कृपादानं बंद केली, तर भुकेल्यासमोरचं ताट आपण या कारणाने उचललं की वाढणाऱ्याचे हात मळलेले होते. हात धुवायला लावायचे, ताट उचलायचं नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लागतं. 1896 नंतरच्या दुष्काळांत उपाशी, टाकलेल्या मुलींना आणि विधवांना रमाबाईंनी तिथे आणलं. 1905 साली त्यांनी संजीवनासाठी, म्हणजे नव्या आत्मिक जागृतीसाठी, प्रार्थना करणारा एक गट सुरू केला, आणि जूनच्या अखेरीस एका पहाटे मुलींच्या निजण्याच्या खोलीत काही घडलं. एका मुलीवर जणू अग्नी उतरला असं शेजारच्या मुलीला दिसलं, आणि ती खरोखर पेटली आहे असं समजून तिने तिच्यावर ओतायला बादलीभर पाणी आणलं. मला ती बादली विसरता येत नाही. दर्शन पाहणारी ती मुलगी आधी मैत्रिणीचा जीव वाचवायला धावली. पुढे तिथे पापांची कबुली, रडणं, तासन्‌तास प्रार्थना आणि अन्य भाषा असं सगळं झालं. वर्तमानपत्रांतून आणि काही मिशनऱ्यांकडूनही टीका झाली. रमाबाईंनी ते बंद केलं नाही. आणि त्यांनी लेखी भूमिका घेतली ती अशी, की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची खरी, आवश्यक खूण म्हणजे देवाची परिपूर्ण प्रीती. मात्र आरोग्य देणं, भाषा बोलणं, संदेश देणं ही दानं टाकून द्यायची नाहीत. तुमच्या गटातली ती बहीण आणि तुमचे पाळक, दोघांनाही याच एका वाक्यात उत्तर आहे, आणि ते शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी बाईने दिलेलं आहे. संजीवन चालू असताना मुक्तीत दळण, विणकाम, छापखाना आणि आजाऱ्यांची शुश्रूषा थांबली नव्हती. इतक्या मुलींना दोन वेळा जेवायला घालायचं होतं.

आता ‘नेमकं काय करायचं’.

संदेशाबद्दल सगळ्यात जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे दुखावतात. 14व्या अध्यायाच्या 3ऱ्या वचनात संदेश कशासाठी ते स्पष्ट दिलं आहे: उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन. उन्नतीसाठी मूळ शब्द घर बांधण्याचा आहे. म्हणजे बोलून झाल्यावर पाहायचं, ऐकणाऱ्याच्या घराची वीट चढली की निखळली? मग 29वं वचन म्हणतं, दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी. पारख करायची याचा अर्थ बोलणारा चुकू शकतो. 13व्या अध्यायात पौल सांगतो की आपलं कळणं अंशतः आणि संदेश देणंही अंशतः. धूसर आरशात पाहिल्यासारखं. ज्याला अर्धवट दिसतं त्याने पूर्ण दिसल्यासारखं बोलू नये. म्हणून मी ज्या ज्या गटात होतो तिथे ‘प्रभू तुला असं म्हणतो’ हे वाक्य बंद केलं. त्याऐवजी ‘प्रार्थना करताना माझ्या मनात असं आलं, तुम्ही तपासून पाहा’ असं म्हणायचं. काही जणांना हे दुबळं वाटलं. पण ऐकणाऱ्याला नाही म्हणायची जागा राहते, आणि खरा संदेश असेल तर तो एवढ्याने मरत नाही.

दुसरा नियम: कोणाचं पाप, लग्न, पैसा, गर्भारपण, आजार किंवा मरण यांबद्दल काहीही मनात आलं, तर ते सभेत बोलायचं नाही. आधी मंडळीतल्या दोन पोक्त माणसांना सांगायचं, त्यातली एक बाई असावी. बहुतेक वेळा असं होतं, की तिथेच कळतं हा संदेश बोलण्यासाठी दिलेला नाही, प्रार्थना करण्यासाठी दिलेला आहे. यावर उत्तर येतं, ‘पण आत्म्याने बोलायला लावलं, मला आवरलंच नाही.’ 32वं वचन सांगतं की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. आवरता येतं. आणि आपला दम धरून ठेवणं हेही ‘प्रीती सहनशील आहे’ यात येतं.

तुमच्या सभेत त्या बाळाबद्दल जे बोललं गेलं, ते तर पारखण्याचीही गरज नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू येशू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आजारी मुलाच्या आईच्या मनात रात्री दोन वाजता हा प्रश्न आपोआपच येतो. तो तिच्या डोक्यावरून उतरवायचं सोडून चारचौघांत तिच्या पदरात घालणं, हे मी कोणत्याही कृपादानाच्या नावाखाली मान्य करणार नाही.

आरोग्यासाठी प्रार्थना करताना आधी विचारा: हात ठेवला तर चालेल का? बाईसाठी बाईने प्रार्थना करावी. औषध बंद करायला कधीही, कोणालाही सांगू नका. मधुमेहाच्या एका गृहस्थांना एका सभेत ‘विश्वास असेल तर इंजेक्शन सोडा’ असं सांगितलं गेलं, आणि चौथ्या दिवशी मी त्यांना अतिदक्षता विभागात पाहिलं. पौलाच्या हातून किती जण बरे झाले, तरी सोबती त्रफिमाला त्याला मिलेत शहरात आजारी सोडून यावं लागलं, आणि तरुण सहकारी तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. त्याच्या सोबत लूक वैद्य होता. खरी परीक्षा पुढच्या गुरुवारी असते: ज्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली आणि तो बरा झाला नाही, त्याच्याकडे आपण पुन्हा जातो की त्याला टाळतो? टाळलं, तर आपण त्याच्यासाठी नाही, आपल्या साक्षीसाठी प्रार्थना करत होतो.

अन्य भाषेचं थोडक्यात. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत मनातल्या मनात, आपल्या आणि देवाच्या मध्ये. पौल स्वतः सगळ्यांहून अधिक भाषा बोलत होता, तरी मंडळीत दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला हवे होते. त्याची नजर कोपऱ्यात बसलेल्या नव्या माणसावर होती, ज्याला काही न कळल्यामुळे ‘आमेन’ म्हणता येत नाही. फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, पलीकडे कोणाचं तान्हं झोपलेलं असतं, दहावीचा अभ्यास चालू असतो; त्या घरालाही आपल्या प्रार्थनेतून प्रभूची ओळख होत असते.

आणि जी दानं कोणी मोजत नाही त्यांचं एक सांगू द्या. 12:28 मध्ये चमत्कारांच्या आणि भाषांच्या मध्ये पौलाने ‘साहाय्य करणं’ आणि ‘व्यवस्था पाहणं’ ठेवलं आहे. खडकीच्या एक बाई होत्या. सभेत त्या तोंड उघडत नसत. प्रार्थना करायला सांगितलं तर घामाघूम होत. पण मंडळीतलं कोणी ससून रुग्णालयात दाखल झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन बस बदलून डबा घेऊन हजर. डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण, आणि शेजारच्या खाटेवर ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी जास्तीची वाटी. त्यांना कोणी अभिषिक्त म्हटलं नाही. त्या गेल्या तेव्हा ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती अशी माणसं मातीला आली होती. तुम्हाला तुमचं कृपादान शोधायचं असेल तर ‘मला काय मिळालं’ असं बघू नका. सभेत कोणाची गरज तुम्हाला इतरांआधी दिसते ते बघा. तुम्ही मला एवढा मोठा प्रश्न लिहिलात, त्यात स्वतःबद्दल दोन ओळी आणि त्या जोडप्याबद्दल सहा ओळी होत्या. माझ्या मते तिथे काहीतरी दिसतं आहे.

त्या संदेश देणाऱ्या बहिणीलाही टाकू नका. त्यांच्याशी सभेत वाद घालायचा नाही; मी आजोबांशी जे केलं ते होईल. एखाद्या मोठ्या बहिणीला सोबत घेऊन त्यांच्या घरी जा, आधी त्यांचं ऐका, मग योहानाचा 9वा अध्याय एकत्र वाचा. अशा माणसांमागे अनेकदा स्वतःचं न सांगितलेलं दुःख असतं. त्यांनी त्या जोडप्याची माफी मागायला हवी, हे मात्र स्पष्ट सांगा.

पण त्या जोडप्याकडे माफीची वाट न पाहता तुम्ही या रविवारीच जा. आधी फोन करा, न सांगता दारात उभे राहू नका. बायबल खिशात असू द्या, त्यांनी म्हटल्याशिवाय उघडू नका. ‘सभेला या’ असंही म्हणू नका. मुलाचं नाव घेऊन विचारा, आता ताप कसा आहे, झोप लागते का, डॉक्टर काय म्हणाले. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी घेऊन मी येईन म्हणून सांगा, नंबर लिहून द्या. आणि तसा फोन आला, तर जा.